रबरी बूट घालून यावे

हेस्टर पॉबजॉयने सव्वीस वर्षांत आमच्या गावातल्या एकाही माणसाबद्दल वाईट शब्द छापला नाही, आणि याचा तिला अभिमान होता. आम्हालाही होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. हॅझलकोटचं वार्तापत्र म्हणजे पिवळ्या कागदाची आठ पानं, मधोमध दोन पिना. महिन्यातून एकदा, शुक्रवारी, ते दोनशे बारा घरांच्या दारातल्या फटीतून आत पडायचं. फिरतं वाचनालय कुठल्या बुधवारी येणार, कोणाच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं, चर्चच्या घंटा ओढायला नवा गडी हवाय, कोणाचं मांजर हरवलंय, असला सगळा ऐवज. मजकूर द्यायचा तर चिठ्ठी लिहून हेस्टरच्या दाराशी ठेवलेल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची.

डब्यात पडायचं एक आणि अंकात यायचं भलतंच. 'नॉरिसच्या कुत्र्याने माझ्या चार कोंबड्या मारल्या, त्याला गोळी घाला,' अशी चिठ्ठी पडली की अंकात दिसायचं, 'वसंतात कुत्र्यांना पट्टा लावून फिरवल्यास सर्वांनाच आनंद होईल.' सभेत कोणी कोणाच्या अंगावर चहा फेकला तर 'चर्चा उत्साहात झाली'. चार माणसं आणि एक कुत्रा आला तर 'उपस्थिती निवडक होती'. ही भाषा आम्हाला पाठ होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड गावाला आधीपासूनचीच. हेस्टरने ती फक्त छापायला घेतली.

याला कारण तिची आई. हेस्टर विशीत असताना तेव्हाच्या संपादक मास्तरांनी अंकात नाव घालून छापलं होतं की फुलांच्या प्रदर्शनात मिसेस पॉबजॉयने मांडलेला स्पंज केक घरचा नाही, शहरातल्या बेकरीतून आणलेला आहे. ते खरंच होतं. त्या आठवड्यात तिचा हात भाजला होता, आणि नाव दिलेलं असताना टेबलावरची आपली जागा रिकामी ठेवायची तिला लाज वाटली. पुढे ती एकोणीस वर्षं जगली, पण गावच्या हॉलची पायरी चढली नाही. पावसुद्धा शेजारच्या गावातून आणायची. मास्तर थकले आणि वार्तापत्र पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या हेस्टरकडे आलं, तेव्हा तिने मनाशी एकच ठरवलं: आपल्या हातून कोणाचं मन दुखायचं नाही. तिचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. जे होतं ते ही आठ पानं.

ही भाषा न येणारा गावात एकच माणूस होता, एनॉक ग्विलियम. हेस्टरच्याच वर्गातला. चाळीस वर्षं त्याने कुंपणं विणली, चर उपसले आणि गिरणीच्या तळ्याची झडप सांभाळली. गिरणी केव्हाच बंद पडली, तळं विकलं गेलं, नवे मालक दुसऱ्या परगण्यात राहतात. एनॉकची नोकरी गेली तरी सकाळची तळ्याच्या बांधावरची फेरी त्याने सोडली नाही. त्याच्या चिठ्ठ्या जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर असत, शिसपेन्सिलीने, दाबून लिहिलेल्या. पबचं धुरांडं पडणार. चर्चच्या आवारातल्या जुन्या झाडाची फांदी बाकावर पडणार. फांदी पडली, पण त्याने सांगितल्यावर तीन वर्षांनी. तोवर 'लांडगा आला रे आला' म्हणून आम्ही त्याला हसून मोकळे झालो होतो.

"हेस्टर, तुझ्या डब्यात धोंडा टाकला तर तू त्याचं लोणी करून बाहेर काढशील," तो म्हणायचा.

"लोणी खाल्ल्याने कोणाचे दात पडले नाहीत अजून," ती म्हणायची. दोघंही हसायची. चहा तो दारातच उभा राहून प्यायचा, बुटांना चिखल म्हणून.

त्या वर्षी उन्हाळा विचित्र गेला. जून-जुलै पाऊस नाही. गवत पिवळं पडलं, बांधाच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मग आभाळ फाटलं आणि तीन दिवसांत तळं काठोकाठ भरलं. बांधात पट्टेरी तोंडाच्या बॅजरांनी आधीच बिळं करून ठेवलेली. बॅजरच्या बिळाला हात लावला तर कायद्याने शिक्षा, म्हणून त्या बिळांबद्दल बोलणंही लोक टाळायचे.

बुधवारी सकाळी हेस्टरने डबा उघडला. वर एनॉकची चिठ्ठी होती.

'बांधाच्या खालच्या अंगाला पाणी झिरपतंय. मागच्या आठवड्यात नितळ होतं. आज गढूळ आहे. नितळ असेल तर बांधाला घाम आलाय. गढूळ असेल तर बांध आतून वाहून चाललाय. सोमवारी कुरणात शर्यत घेऊ नका. माणसं मरतील. ए. ग्विलियम.'

सोमवारी बदकांची शर्यत होती. ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी आम्ही नंबर घातलेली पाचशे पिवळी प्लास्टिकची बदकं ओढ्यात सोडतो आणि अख्खं गाव कुरणात उभं राहून आपापल्या बदकाच्या नावाने ओरडतं. कुरण बांधाच्या बरोबर पायथ्याशी आहे.

हेस्टरने चिठ्ठी दोनदा वाचली. तिने जत्रा समितीच्या प्रमुख ऑड्री लाइड यांना फोन केला. ऑड्रीबाई दहा वर्षांपूर्वी लंडनहून आलेल्या, हौशी, कामाला वाघ.

"अहो हेस्टर, एनॉक ना?" ऑड्री म्हणाल्या. "त्याच्या मते माझं घर कधी पडणार आहे, तेवढं विचारून ठेवा."

"त्याने लिहिलंय, पाणी गढूळ आहे."

"पाऊस झालाय. सगळंच गढूळ आहे. माझ्या नळाचंसुद्धा. मार्चमध्ये मालकांचा माणूस बघून गेला की, काही नाही म्हणाला. आता पाच दिवसांवर शर्यत आलेली, तंबू आलेत, चहाबरोबर खायच्या चारशे स्कोनची तयारी झालीय. लोकांना घाबरवून कसं चालेल? काहीतरी लिहा ना तुमच्या पद्धतीने. तुम्हाला किती छान जमतं ते."

ही शेवटची स्तुती झाली नसती तर? हेस्टर पुढे हाच प्रश्न स्वतःला विचारत राहिली.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पहिल्यांदा लिहिलं, 'बांध धोकादायक आहे.' म्हणजे मालकांवर ठपका आला. खोडलं. 'बांधाची स्थिती काळजी करण्याजोगी आहे.' म्हणजे मार्चमध्ये बघून गेलेला माणूस खोटा पडला. खोडलं. आणि समजा काहीच झालं नाही, तर अख्खं गाव एनॉकला हसणार, नाव घालून हसणार. तिला आई आठवली, शेजारच्या गावाहून पावाची पिशवी घेऊन चालत येणारी. चहा निवून गेला. शेवटी तिसऱ्या पानावर, स्कोनच्या जाहिरातीच्या वर, चौकटीत आलं: 'एनॉक ग्विलियम आठवण करून देतात की गिरणीच्या तळ्याखाली जमीन थोडीशी ओलसर असू शकते. रबरी बूट घालून यावे.'

ते वाचून तिला बरं वाटलं. सांगितलं तर आहे, असं वाटलं.

सोमवारी लख्ख ऊन पडलं, आणि आम्ही सगळे रबरी बूट घालून आलो. हिरवे, निळे, ठिपक्यांचे, आजोबांच्या वेळचे काळे. एवढं आज्ञाधारक गाव शोधून सापडायचं नाही. कुरणाच्या वरच्या कडेला, चर्चच्या चढाखाली, जमीन कोरडी होती. साधे जोडे घालून आलो असतो तर तिथेच उभे राहिलो असतो. पण पायात बूट होते. म्हणून आम्ही थेट बांधाच्या पायथ्याशी गेलो. तिथून बदकं सगळ्यात चांगली दिसतात.

"हेस्टर, तुझं ऐकलं बरं का," पबवाला नॉरिस पाय चिखलात पच्चकन आपटत ओरडला. "पाय कोरडेठाक! तुझा पुतळा उभारू आपण!"

लोक हसले. हेस्टरही चहाच्या टेबलामागून हसली, पण तिचं लक्ष त्या पच्चकन आवाजाकडे होतं. पाऊस थांबून इतके दिवस झाले, वरची जमीन वाळली, आणि इथे अजून चिखल.

एवढ्यात एनॉक आला. हातात वार्तापत्र, तिसरं पान वर. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर हेस्टरला बरं वाटलं असतं.

"हे मी लिहिलं होतं?" त्याने विचारलं.

"एनॉक, मी..."

"ते नंतर. चल, बघ."

तो तिला बांधाच्या खालच्या अंगाला घेऊन गेला. काटेरी झुडपाआड एक बॅजरचं बीळ होतं. त्यातून हाताच्या मनगटाएवढी पाण्याची धार येत होती, दुधाच्या चहाच्या रंगाची. हेस्टर बघत होती तेवढ्यात बिळाच्या ओठावरचं ढेकूळ सुटलं, विरघळलं, आणि धार कोपराएवढी झाली. बांधाच्या पोटातून बारीक आवाज येत होता, कोणी खोलीत जड कपाट सरकवत असल्यासारखा.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत! तास असेल, पाच मिनिटं असतील. मी वर जाऊन झडप उघडतो, जेवढं पाणी दुसऱ्या चरातून काढता येईल तेवढं काढतो. तू खाली जाऊन सांग. माझं कोण ऐकतंय? तुझं ऐकतात." त्याने तिच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. "बघितलंस ना, कसं ऐकतात ते."

"आणि तू?"

"लोक हलले की मी उतरतो."

बहात्तराव्या वर्षी हेस्टर धावली. ऑड्रीबाईंच्या हातातून तिने कर्णा जवळजवळ ओढूनच घेतला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आणि तिच्या तोंडून निघालं:

"माफ करा हं, मध्येच बोलते. सगळ्यांना फार त्रास होणार नसेल, तर कृपया थोडं चर्चच्या बाजूला सरकता का? धन्यवाद."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिने खरोखर 'धन्यवाद' म्हटलं.

आणि आम्ही काय केलं? सव्वीस वर्षं जे केलं तेच. तिच्या वाक्याचा अर्थ लावला. कोणाला वाटलं बदकांना जागा हवी असेल, कोणाला वाटलं फोटो काढायचाय. दोन पावलं सरकलो. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तर खुर्च्या आणल्या होत्या, त्यांनी मागे वळून हात हलवला. "शर्यत झाल्यावर हं, हेस्टर!" त्यातली एक गोड आवाजात म्हणाली. पुलावरून बदकं सुटली. मुलं ओरडू लागली.

हेस्टर थांबली. कर्णा हातात धरून, लोक हलतील म्हणून, चेहऱ्यावर ते कसनुसं हसू ठेवून थांबली. वर बांधावर एनॉक झडपेचं गंजकं चाक फिरवत होता. नॉरिसने ते नंतर चौकशीत सांगितलं. एनॉक मान वर करून खाली बघायचा, लोक तिथेच आहेत हे बघायचा आणि पुन्हा चाकावर वाकायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने एक हात वर केला होता, रागाने नाही, विचारल्यासारखा.

तो हात हेस्टरलाही दिसला, आणि तिच्या आत काहीतरी तुटलं.

"पळा!" ती किंचाळली. "बांध फुटतोय! अरे मूर्खांनो, बदकं काय बघताय, मराल सगळे! पोरं उचला! ऑड्री, खुर्ची टाक ती, टाक! चर्चकडे पळा!"

तिचा असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजानेच आम्ही पळालो. अर्थ लावायला वेळच मिळाला नाही. शेवटची बाई चढावर पोचली न पोचली तोच बांधाचा मधला भाग खाली बसला. तो उडाला नाही, कोसळलाही नाही, नुसता खाली बसला, आणि त्याच्यामागे तळं उभं होतं. तंबू, टेबलं, चारशे स्कोन, खुर्च्या, सगळं एका दमात गेलं. चढावरून आम्ही माणसं मोजली. मुलं सगळी होती. म्हातारी माणसंही होती. चाकापाशी कोणी नव्हतं.

एनॉक दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या पुलाच्या कमानीत सापडला. आजूबाजूला पिवळी बदकं अडकली होती.

आठवड्याने ऑड्रीबाई हेस्टरकडे आल्या. डोळे सुजलेले, हातात कागद. "मी थोडं लिहून आणलंय," त्या म्हणाल्या. "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, गावाने एकजुटीने तोंड दिलं, असं. तुम्ही तुमच्या पद्धतीने नीट करा."

"ठेवा टेबलावर," हेस्टर म्हणाली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने चर्चच्या मागच्या खोलीतल्या छपाईच्या यंत्रावर एकच पान काढलं. वर एनॉकची चिठ्ठी, त्याच्याच अक्षरात. खाली तिची चौकट, जशीच्या तशी. त्याखाली दोन ओळी: 'पहिलं त्याने लिहिलं. दुसरं मी छापलं. मी वेळेवर ओरडले असते तर तो उतरला असता. हेस्टर पॉबजॉय.' दोनशे बारा घरांत ती स्वतः फिरली. शेवटचं पान तिने एनॉकच्या रिकाम्या घराच्या फटीतून आत टाकलं, यादीत त्याचं घर शेवटी होतं म्हणून.

कोणी तिला वाईट बोललं नाही. "अंक वाचनीय होता," लोक म्हणाले. "धाडसाचं आहे हो." आमच्या भाषेत याचा अर्थ काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? दुकानात तिच्यासाठी वाट करून द्यायचे, जरा जास्तच रुंद. दाराशी ठेवलेला डबा रिकामा राहू लागला. तेव्हा तिला कळलं की नवा डबा ऑड्रीबाईंच्या दारात आहे.

गावच्या हॉलमध्ये पुराचं पाणी गुडघाभर चढलं होतं. एके दिवशी हॉलच्या मागून जाताना हेस्टरला भिंतीला तडा दिसला, पायापासून खिडकीपर्यंत. एनॉक करायचा तसं तिने त्या तड्यात आगकाडी घट्ट खोचली. पाच दिवसांनी काडी खाली पडलेली होती, म्हणजे तडा रुंदावला होता. तिने लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलं, 'हॉलची मागची भिंत सरकतेय. सुगीचं जेवण तिथे घेऊ नका. भिंत अंगावर येईल,' आणि चिठ्ठी नव्या डब्यात टाकली.

सप्टेंबरचा अंक शुक्रवारी दारातून आत पडला. पहिल्या पानावर होतं, 'हेस्टर पॉबजॉय यांनी दीर्घ सेवेनंतर विश्रांती घेण्याचे ठरवले आहे. त्यांचे आभार.' तिने असं काही ठरवलं नव्हतं. तिसऱ्या पानावर चौकट होती: 'हॉलच्या मागच्या भिंतीचा रंग थोडा सुटत आहे. त्या बाजूला बसणाऱ्यांनी चांगले कपडे घालू नयेत.'

शनिवारी संध्याकाळी, जेवणं सुरू होताना, हेस्टर हॉलमध्ये आली. आम्ही सगळे होतो, एकशे वीस माणसं. मागच्या भिंतीलगतची रांगही भरली होती, बिनइस्त्रीच्या कपड्यांत. भिंतीवर गव्हाच्या पेंढ्या टांगल्या होत्या आणि तडा त्यांच्यामागे नीट झाकला गेला होता.

"अहो हेस्टर! या, या," ऑड्रीबाई लगबगीने उठल्या. "बसा कुठेही. सूप गरम आहे."

हेस्टरने एक खुर्ची उचलली. ती मागच्या भिंतीपाशी गेली, पेंढ्या काढून खाली टाकल्या आणि उघड्या तड्याला पाठ लावून बसली. हात मांडीवर ठेवले. आवाज चढवला नाही, आणि गोडही केला नाही.

"ही भिंत पडणार आहे," ती म्हणाली. "आज की उद्या, मला माहीत नाही. तुम्ही हललात की मी उठते."

चमचे थांबले. कोणीतरी उगाच हसलं. ऑड्रीबाई काहीतरी छानसं बोलायला तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. हेस्टरच्या डोक्यामागून चुन्याची बारीक भुकटी तिच्या खांद्यावर पडत होती, आणि ती ती झटकत नव्हती. आम्ही तिच्याकडे बघत होतो. तिने एक हात वर केला, विचारल्यासारखा.

नॉरिसने खुर्ची मागे ढकलली.